४३ व्या वर्षी ‘राजीनामा द्या’ म्हणाले तर: वय, रात्रपाळी आणि व्हिसा यांबद्दल ऐरोलीतल्या एका टेक लीडला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४३, एकाच कंपनीत १४ वर्षं, सध्या ऐरोलीत एका अमेरिकन बँकेच्या प्रोजेक्टवर टेक लीड. शिफ्ट कागदावर संध्याकाळी साडेपाच ते रात्री अडीच, पण खुर्चीतून उठेपर्यंत चार वाजतात. गेल्या आठवड्यात एचआरने मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि ‘तीन महिन्यांचा पगार घ्या, स्वतःहून राजीनामा टाका’ असं सांगितलं. तुमचं काम चार-पाच वर्षं अनुभवाच्या मुलीकडे जाणार हे तुम्हाला टीममधूनच कळलं. आता तुम्ही तीन गोष्टी विचारताय: हा वयावरून झालेला भेदभाव म्हणून तक्रार करता येईल का, इतक्या वर्षांच्या जागरणांचा ओव्हरटाइम मागता येईल का, आणि वाशीतला जो कन्सल्टंट एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठीचा व्हिसा, करून देतो म्हणतोय, त्याच्याकडे पैसे भरावेत का.

महापे आणि ऐरोलीतल्या कंपन्यांच्या एचआरमध्ये मी बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्या मीटिंग रूममध्ये टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बसलेली आहे. आता ठाण्यात नोकरदारांना सल्ला देते. म्हणून सगळ्यात आधी एवढंच: सही करू नका. पोर्टलवर राजीनाम्याचं बटण दाबणं हीसुद्धा सहीच.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण त्यांच्यामागे हिशेब एकच आहे. क्लायंट तासाला पैसे देतो ते भूमिकेचे; त्या खुर्चीत चार वर्षांचा अनुभव बसलाय की अठरा, याने त्याचा दर फारसा हलत नाही. तुमचा पगार मात्र दर एप्रिलला थोडाथोडा वाढत गेला. एका टप्प्यावर तुमच्यामागे उरणारी कमाई संपते, आणि मग एक्सेलमध्ये तुमची ओळ लाल होते. वरिष्ठ थोडे, फ्रेशर पुष्कळ असा पिरॅमिड राखला तरच या धंद्यात नफा सुटतो. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये साधारण २ टक्के, म्हणजे १२,२६१ माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा कंपनीनेच सांगितलं होतं की यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक असतील. तुमच्या एचआरला तुमचं वय खुपत नाही, वयाबरोबर आलेली किंमत खुपते. तुम्हाला त्याने फरक पडत नाही हे मला कळतं, पण कायद्याला पडतो.

व्हिसाही याच हिशेबात बसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं. ऑनसाइटचा, म्हणजे तिकडे क्लायंटकडे बसणारा माणूस इतका महाग झाला की काम इकडे सरकतं, माइंडस्पेसमध्ये, घोडबंदर रोडवर, वागळे इस्टेटमध्ये. काम सरकतं, क्लायंटचं घड्याळ सरकत नाही. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा असतात आणि नोव्हेंबरनंतर साडेसात. मग रात्री कोण बसू शकतं? ज्याला सकाळी मुलांना शाळेत सोडायचं नाही, आईला डायलिसिसला न्यायचं नाही, तो. त्याचा पगारही कमी असतो. चाळिशीचा माणूस दोन्ही बाजूंनी महाग पडतो.

आता पहिला प्रश्न. अमेरिकेत १९६७ पासून वयाच्या भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. ४० आणि त्यावरच्या वयाच्या माणसाला तो संरक्षण देतो, २० किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीला लागू होतो आणि तिथे एच-वन-बीवर काम करणाऱ्या भारतीयालाही मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनुसार अशा माणसाकडून ‘मी दावा करणार नाही’ अशी सही घ्यायची तर विचाराला २१ दिवस द्यावे लागतात, एकगठ्ठा कपात असेल तर ४५, आणि सही केल्यावरही ७ दिवस माघार घेता येते. तुम्हाला तुमच्या एचआरने किती वेळ दिला? संध्याकाळी सहापर्यंत. आपल्याकडे खासगी नोकरीत वयावरून भेदभाव केला म्हणून दाद मागायला असा कायदाच नाही. संविधानातला समानतेचा हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध चालतो आणि कलम १५ मधल्या यादीत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही. तेव्हा ‘एज डिस्क्रिमिनेशन’ हा शब्द लिहून मेल पाठवलात तर तो एचआरच्या फोल्डरमध्ये शांतपणे झोपेल.

तुमच्या हातात दुसरंच हत्यार आहे, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत कपातीचे नियम आहेत, आणि ते १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातून जवळजवळ तसेच आलेत. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन. शिवाय जो शेवटी आला तो आधी जाईल. एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांतला सगळ्यात नवा माणूस ठेवून जुन्याला काढायचं असेल तर कंपनीला कारणं नोंदवावी लागतात. म्हणजे कायद्याचा क्रम आणि पिरॅमिडचा क्रम बरोबर उलटे आहेत. म्हणून तर तुमच्याकडून राजीनामा हवाय. राजीनामा दिलेल्या माणसाची ‘कपात’ झालेलीच नसते, त्यामुळे ना क्रम बघावा लागतो ना कारणं लिहावी लागतात.

पैशांचा हिशेब इथे शांतपणे करा, कारण ‘तीन महिन्यांचा पगार’ हा आकडा भलताच फसवा असतो. १४ वर्षांचे प्रत्येकी १५ दिवस म्हणजे २१० दिवस, सात महिने. पण हे सात महिने संहितेच्या व्याख्येतल्या वेतनाचे, सीटीसीचे, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चाचे, नव्हेत. नव्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त दाखवता येत नाहीत, त्यामुळे वेतन साधारण निम्मं धरा; सात महिने म्हणजे हातात येणाऱ्या पगाराचे साडेतीन-चार महिने. आता तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढा. त्यात नोटीस पिरियड ९० दिवसांचा असणार. मग एचआर देतंय ते तीन महिने हे निव्वळ तुमच्या नोटीसचे पैसे आहेत का? बहुतेक वेळा तेच असतात. म्हणजे जे तुमचंच होतं ते भेट म्हणून तुमच्यासमोर ठेवलंय. आणि त्या कागदावर ‘एकूण रक्कम’ म्हणून जो मोठा आकडा असेल त्यात ग्रॅच्युइटी मिसळलेली नाही ना ते बघा. पाच वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला ग्रॅच्युइटी काढलं तरी मिळते, सोडलं तरी मिळते. पॅकेज म्हणून ती दाखवणं ही जुनी युक्ती आहे.

एक अडचण मात्र आहे. हे सगळं ‘कामगारा’साठी आहे. व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय पदं यातून बाहेर, आणि सुपरवायझर म्हणून काम करणारा १८,००० रुपयांवर पगार घेत असेल तर तोही बाहेर. तांत्रिक काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. म्हणजे प्रश्न असा की टेक लीड तांत्रिक की सुपरवायझर? न्यायालयं व्हिजिटिंग कार्ड बघत नाहीत, मुख्य काम बघतात. दिवसातले बहुतेक तास कोड लिहिण्यात, रिव्ह्यू करण्यात, प्रॉडक्शनचं तिकीट सोडवण्यात जात असतील तर तुमची बाजू भक्कम. रजा मंजूर करणं, अप्रेझलचं रेटिंग देणं, माणूस घ्यायचा की नाही ठरवणं हे तुमच्या नावावर असेल तर कंपनीचा वकील तेवढंच धरून बसेल. तेव्हा गेल्या वर्षभरात तुम्ही नेमकं काय केलंत ते घरी बसून, वहीत, हाताने लिहून काढा.

वहीतच. कंपनीचे मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका, स्क्रीनचे फोटो काढू नका. बँकेचा प्रोजेक्ट आहे. क्लायंटचा डेटा बाहेर नेला म्हणून तासाभरात हकालपट्टी होऊ शकते, आणि मग एक पैसाही न देता काढायचं कारण तुम्हीच पुरवलेलं असेल. पगाराच्या स्लिपा, अप्रेझल लेटर, फॉर्म १६, पीएफचं पासबुक ही तुमची स्वतःची कागदपत्रं. ती आजच उतरवून घ्या, कारण लॉगिन एकदा बंद झालं की स्लिपेसाठीही विनवण्या कराव्या लागतात.

ओव्हरटाइमबद्दल तुमची अपेक्षा जरा कमी करावी लागेल. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ अशी मर्यादा होती आणि त्यापुढच्या तासाला दुप्पट दर. २०२५ मध्ये राज्य सरकारने दिवसाचे ९ चे १० केले, तिमाहीतल्या ओव्हरटाइमची कमाल १२५ वरून १४४ तासांवर नेली. आठवड्याचे ४८ तसेच राहिले. तुमचं गणित मांडू. साडेपाच ते चार म्हणजे साडेदहा तास, जेवणाचा अर्धा तास वजा केला की १०. जुन्या मर्यादेत रोजचा एक तास ओव्हरटाइम होता. नव्या मर्यादेत रोजचा शून्य, आणि आठवड्याचे ५० वजा ४८, म्हणजे दोन. एका दुरुस्तीने तुमचे आठवड्याचे पाच तास दोनवर आले. पेपरात ही बातमी ‘उद्योगस्नेही निर्णय’ म्हणून आली होती. खरा ओव्हरटाइम तुमच्या शनिवार-रविवारच्या रिलीजमध्ये आणि ऑन-कॉलमध्ये लपलाय, तो मोजा. शिफ्ट अलाउन्स म्हणजे ओव्हरटाइम नव्हे. एकाने दुसरा फिटत नाही.

इथेही तीच पळवाट आहे. या कायद्यातून गोपनीय, व्यवस्थापकीय आणि सुपरवायझरी पदं वगळलेली आहेत. पण त्या पदांची यादी कंपनीने आपल्या वेबसाइटवर, वेबसाइट नसेल तर सहज दिसेल अशा जागी लावायची असते. तुमच्या कंपनीची ती यादी तुम्ही कधी पाहिलीत? लेखी विचारा. हा प्रश्न मेलमध्ये आला की पलीकडचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो, हे मी पाहिलेलं आहे. तासांचा पुरावा गोळा करायला धडपडू नका, तो कंपनीकडेच आहे: गेटवरचं स्वाइप, व्हीपीएनचं लॉगिन, टाइमशीट. टाइमशीटमध्ये मात्र बहुतेकांनी आठ तासच भरलेले असतात, कारण त्यापुढे क्लायंटला बिल लावता येत नाही. कुणी भरायला लावले तेही वहीत लिहा. ‘अमेरिकेत तरी तासांचे पैसे मिळतात’ असं तुम्ही लिहिलंय, ते तितकंसं खरं नाही. तिथल्या केंद्रीय कायद्यातही प्रोग्रामर, अॅनालिस्ट अशी पदं ठरावीक पगाराच्या वर ओव्हरटाइममधून वगळलेली आहेत.

तर प्रत्यक्षात काय करायचं. मीटिंग झाली त्याच दिवशी मेल जायला हवा होता, अजून गेला नसेल तर उद्या पाठवा. भांडणाचा सूर नको. ‘अमुक तारखेला मला राजीनामा देण्यास सांगण्यात आलं. माझी राजीनामा देण्याची इच्छा नाही. कंपनीचा काही प्रस्ताव असल्यास तो आणि माझी सेवा संपवण्याचं कारण लेखी कळवावं.’ एवढंच, इंग्रजीत. यानंतर दोन गोष्टी होतात. एकतर तुम्हाला पीआयपीवर, म्हणजे ‘कामगिरी सुधारा’ अशा लेखी मुदतीवर टाकतात. मग त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर द्या आणि मागच्या तीन वर्षांची रेटिंग जोडा. नाहीतर एचआर नरम होतं आणि आकडा वाढतो. ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये निगेटिव्ह देऊ’ ही धमकी ऐकलीत तर तीही त्याच मेलच्या साखळीत नमूद करा, शब्द जसेच्या तसे.

लढावं का? ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात समेटासाठी अर्ज करता येतो. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांत तो करायचा, नंतर समेट अधिकारी कार्यवाही करू शकत नाही. तिथे न मिटल्यास न्यायाधिकरण. पुण्यात नाइट्ससारख्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना अशा तक्रारी नेतात, त्यांच्याशीही बोला. पण माझं मत विचाराल तर शेवटपर्यंत लढण्यासारखी ही लढाई क्वचितच असते. वर्षं जातात, आणि तुम्हाला पुढची नोकरी याच दहा किलोमीटरच्या पट्ट्यात शोधायची आहे. कायदा तडजोडीत वजन म्हणून वापरा. नोटीसचे पूर्ण ९० दिवस, त्यावर वर्षांच्या हिशेबाने रक्कम, मेडिक्लेम पॉलिसी संपेपर्यंत चालू, आणि रिलीव्हिंग लेटरमध्ये कामगिरीबद्दल वाकडा शब्द नाही. हे लेखी मिळालं तर राजीनामा द्यायला हरकत नाही. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिला किंवा काढलं तरी थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी’ हे आता वेतनाला चालत नाही.

मेडिक्लेमचं मी उगाच लिहिलं नाही. आईवडील कंपनीच्या पॉलिसीवर असतील तर शेवटच्या दिवशी तेही बाहेर पडतात. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण ती नोकरी संपण्याआधी मागावी लागते. नव्याने घ्यायला गेलात तर जुन्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. घराच्या हप्त्यापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

आता व्हिसा. एच-वन-बीला वयाची अट नाही, इथपर्यंत तो कन्सल्टंट खरं बोलतोय. पण अर्ज कंपनीच करते, माणूस करत नाही. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,००० एवढेच व्हिसा, त्यात लॉटरी, आणि २०२६ पासून त्या लॉटरीत वरच्या पगार-पातळीला झुकतं माप. अनुभवी माणसाला हे बरं वाटेल. पण वरच्या पातळीचा पगार आणि शिवाय १ लाख डॉलर भरून तुम्हाला इथून नेणारी कंपनी त्या कन्सल्टंटच्या खिशात आहे का? आणि तिथे गेलेल्यांचं काय होतं तेही बघा. नोकरी गेली की नवा मालक शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. ग्रीन कार्डच्या रांगेत प्रत्येक देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग पिढीच्या हिशेबात मोजावी लागते. एक गोष्ट मात्र तिथली मला कायम आवडली आहे: एच-वन-बीवरच्या माणसाला काम नाही म्हणून बिनपगारी बेंचवर बसवता येत नाही, मुदतीआधी काढलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च मालकाचा. हे तिथे गेलेल्या मुलांनाही माहीत नसतं.

तिथल्या लोकांचा व्हिसावर येणाऱ्यांबद्दलचा राग हाही याच हिशेबातून आलेला आहे. २०१५ मध्ये फ्लोरिडात डिस्नीच्या आयटी कर्मचाऱ्यांना आपल्या जागी येणाऱ्या व्हिसाधारकांना काम शिकवून मग घरी जावं लागलं. तुम्हाला आता तुमच्या जागी येणाऱ्या त्या मुलीला ‘केटी’ द्यायला, म्हणजे काम समजावून द्यायला सांगतील. तिच्यावर राग धरू नका; पंधरा वर्षांनी तीही त्याच मीटिंग रूममध्ये असेल.

तुमच्या वयाला अमेरिकेचा जो रस्ता त्यातल्या त्यात खुला आहे तो एल-वन-ए: मल्टिनॅशनल कंपनीत इथे किमान एक वर्ष व्यवस्थापक, मग त्याच कंपनीच्या तिथल्या ऑफिसात बदली. संख्येची मर्यादा नाही, लॉटरी नाही, तो लाख डॉलरचा भुर्दंडही नाही. त्यासाठी क्लायंटच्या स्वतःच्या केंद्रात, ज्यांना सगळे जीसीसी म्हणतात तिथे, आधी शिरावं लागेल. बाकीच्या देशांचं वेळापत्रक तुमच्या विरुद्ध आहे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत जोडीदारासह अर्ज केला तर विशीत वयाचे १०० गुण मिळतात, ४३ ला १५, ४४ ला ५ आणि ४५ ला शून्य. ऑस्ट्रेलियाचा गुणांवरचा व्हिसा ४५ ला बंद. जर्मनीत ४५ नंतर पहिल्यांदा येणाऱ्या कुशल माणसाला एकतर ठरावीक पगार, नाहीतर म्हातारपणाची तजवीक दाखवावी लागते. खरंच जायचं असेल तर तुमच्याकडे वर्ष-दीड वर्ष आहे, आणि ते त्या कन्सल्टंटच्या ऑफिसात घालवण्यासारखं नाही.

माझा कल मात्र इथेच दिवसपाळी शोधण्याकडे आहे. स्टेट बँकेचं आयटी केंद्र बेलापूरला आहे. तिथे आणि मुंबईतल्या बँका, विमा कंपन्या, ब्रोकर यांच्याकडे पुरवठादारांची माणसं भारतीय वेळेत काम करतात. दर कमी, म्हणून पगारही कमी. पण बँकेची सेटलमेंट रात्री कुठे अडकते हे ज्याला ठाऊक आहे, त्याचं वय तिथे कुणी काढत नाही. रिझ्युमेवर आधी हे डोमेन लिहा, भाषा आणि फ्रेमवर्क खाली. पीएफ मोडू नका; पेन्शनसाठीची दहा वर्षं तुमची कधीच झाली आहेत.

राहिला वाशीचा कन्सल्टंट. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सकडे नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नोंदणी क्रमांक शोधा. ‘आम्ही एजंट नाही, फक्त डॉक्युमेंटेशन करतो’ असं तो म्हणाला, तर कोणती अमेरिकन कंपनी तुमच्यासाठी अर्ज करणार आहे तिचं नाव आणि ऑफर लेटर मागा, आणि ते हातात पडेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. आधीच टोकन दिलं असेल तर पावती, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज जपून ठेवा, आणि पैसे परत मागणारं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा.